मुखालत

पक्षाघातानंतर सासूबाई मुलाखतीला 'मुखालत' म्हणत, तरी सुनेचा सराव त्यांनीच घ्यायचं ठरवलं. चष्मा चढवून, काठी घेऊन पलंगावर साहेबासारख्या बसल्या. "नोकरीत एवढा खंड का पडला?" सून खालमानेनं पुटपुटली, "घरी जरा अडचण होती." काठी आपटली. "मी अडचण होय गं? शाळेत शिकवायला निघालीस आणि खरं सांगायला लाजतेस? मान वर कर!" दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी नेमकं तेच विचारलं. सुनेनं मान वर केली. "खंड पडलाच नाही, सर. सासूबाईंची वाचा गेली होती. त्यांना मुळाक्षरांपासून बोलायला शिकवत होते." "याला अनुभव म्हणायचं?" समितीतले एकजण हसले. तिनं उठून दार सताड उघडलं. बाहेर बाकावर बसून सगळं ऐकणाऱ्या सासूबाईंनी काठी आपटली. "देवानं नेलेली वाचा हिनं परत आणली. हसता कसले? आता घ्या माझीच मुखालत!"