काचेचा जोड

"लाइन तुटली तर कोण येणार?" हर्षलानं दोघांनाही एकच प्रश्न विचारला.

मोठ्या इंटरनेट कंपनीचा माणूस हसला. गुळगुळीत कागदावरच्या टोल-फ्री नंबरवर त्यानं बोट ठेवलं. "चोवीस तास चालू असतो, मॅडम."

लडकू दाराशीच उभा होता. गावातल्या केबलवाल्याचा लाइनमन. त्याच्याकडं कागदबिगद काही नव्हतं. "आमी येतो," तो म्हणाला. "आत्ताबी तिकडंच चाललोय. पेंढ्याच्या टेंपोनं वायर वडली. बघायचं तर चला."

खालापुरात हर्षलाचं छोटंसं एक्स-रे सेंटर होतं. फोटो ती काढायची, वाचणारे डॉक्टर पुण्यात. गेल्या आठवड्यात ऐन वेळी नेट गेलं. साजगावच्या कारखान्यात शिडीवरून पडलेला रोहिदास छातीला हात लावून बाकावर बसला होता. आत्ता फोटो पुण्याला जाईल, आत्ता जाईल म्हणत हर्षलानं त्याला तीन तास बसवून ठेवलं. बरगडीचं टोक फुप्फुसात रुतलं होतं. तो वाचला. पण त्या तीन तासांत त्यानं एकदाही 'किती वेळ?' म्हणून विचारलं नव्हतं, आणि तेच तिला खात होतं.

कंपनीच्या माणसाला तिनं संध्याकाळी कळवते म्हणून सांगितलं आणि लडकूच्या मोटरसायकलमागं स्कूटर काढली.

डांबरी रस्ता संपला तसं धुकं दाट झालं. वालाच्या शेतांवर ते दुधासारखं साचलं होतं. डोक्यावरून काळी वायर चालली होती. या खांबावरून त्या आंब्यावर, आंब्यावरून कुणाच्या तरी गोठ्यावर. मधेच धुक्यात बुडायची, पुढं पुन्हा वर यायची. हर्षला तिच्यामागं चालली होती की वायरच तिला नेत होती, कोण जाणे. हॉर्न नाही, माणूस नाही. आठवड्यात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले.

बांधावर एक बाई पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात डब्याएवढं एक यंत्र.

"ही सोमी, माझी बायको," लडकू म्हणाला. "मी खांबावर चढतो. जोड हिचा. माझी नजर जवळचं धरत नाय आता."

"कुठं शिकलात?" हर्षलानं विचारलं.

"ह्यांचं बघून बघून," सोमी मान वर न करता म्हणाली. "पयल्यांदा आतली काच लई तुटायची."

तिनं वायरचं काळं साल सोललं. आतून केसाएवढा काचेचा तंतू निघाला. त्याच्या टोकाशी तांबडा उजेड थरथरत होता. कुठून तरी लांबून, सगळं रान ओलांडून आलेला. सोमीनं स्पिरिटचा बोळा फिरवला, दोन्ही टोकं यंत्रात ठेवली. छोट्याशा पडद्यावर ती हळूहळू एकमेकांकडं सरकली. बारीक ठिणगी उडाली. दोनाचं एक झालं. कुठं जोडलं ते हर्षलाला शोधूनही दिसेना.

"वायर झाडावरून टाकलीय, लडकूदादा. ही पुन्हा तुटेल."

"तुटनारच की," लडकू म्हणाला. "पावसात तर रोज. त्या कंपनीची जमिनीखाली हाय, पन जेसीबी काय इचारून खोदतो? तुटत नाय असं मी कुनाला सांगितलं नाय."

हर्षलानं फोन बाहेर काढला. ती म्हणाली, "उद्या तुमची लाइन माझ्याकडं टाका. आणि तुमच्या दोघांचे फोन नंबर द्या, ऑफिसचा नको."

लडकूनं नंबर सांगितले. सोमीचा सांगताना तो अडखळला, तेव्हा तिनंच पुरा केला.

जोडलेला तंतू सोमी आता डबीत गुंडाळून ठेवत होती. तिनं विचारलं, "ताई, आमच्या हिच्यातनं लोक पिक्चर बगतात. तुमी काय धाडनार?"

"माणसांच्या छातीचे फोटो. आतले."

सोमीचे हात थांबले. तिनं बोटं पदराला पुसली आणि तंतू पुन्हा उचलला.

"मग जरा हळू धरते," ती म्हणाली.