पुलावरची बाई

"ही सगळी चित्रं तू काढलीस? मग तुझ्या हातचा एखादा मूळ कागद दाखव, पोरी," प्रकाशक म्हणाला.

कुठून दाखवू? आमच्या एदो शहरात चित्राचा कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतात आणि त्याच्यासकट लाकूड कोरतात. ठसा तयार होईपर्यंत मूळ चित्राचा भुगा होऊन केरात गेलेला असतो. हे त्या मेल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

वडिलांचा हात लुळा पडला, तेव्हापासून नऊ वर्षं फुजीचा डोंगर, धबधबे, छत्रीवाल्या बायका, सगळं मीच काढत होते. सही तेवढी त्यांची, आणि तीही मीच करायचे. ते गेल्यावर मला माझ्या नावानं काम हवं होतं, एवढंच.

"मग इथेच बसून काढते," मी म्हणाले. कुंचला उचलून बर्फातला पूल काढला, पुलावर थबकून मागे बघणारी बाई काढली. प्रकाशकानं माझा कागद दुकानात टांगलेल्या छापील चित्राशेजारी धरला. रेघ न् रेघ जुळत होती.

"नक्कल छान करतेस," तो म्हणाला.

मग तो त्या बाईचा चेहरा निरखत राहिला. समोर बसवायला दुसरी कुणी मिळत नव्हती, म्हणून तो चेहरा मी आरशात बघून काढला होता. त्यानं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"अगं, ही तर तूच! केवढा जीव होता गं तुझ्या बापाचा तुझ्यावर!"