पन्नासचा कंडेन्सर

“मोठा बसवा,” लीलाबाई म्हणाल्या.

उमाजी मिस्त्रीने उकिडवं बसूनच मान वळवली. खिडकीतल्या थंड हवेच्या मशीनची जाळी त्याने उतरवून ठेवली होती. मोटर नुसती घुमत होती, फिरत नव्हती. तिला रेटा देणारा कंडेन्सर, पेल्याएवढा पत्र्याचा डबा, फुगून अर्धमेला झाला होता. त्याच्यावर तीसचा आकडा होता. तीसचा दिल्लीहून मागवावा लागणार, म्हणजे दोन दिवस गेले. पाटणकर बाजारात मिळाले ते दोन त्याने फडक्यावर मांडले होते. एक वीसचा, एक पन्नासचा.

“बाईसाहेब, वीसच्याने मोटर उठायची नाही. पन्नासच्याने उठेल, पण आतून तापत जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत जळून जाईल बघा. अशी मशीन सगळ्या ग्वाल्हेरात किती घरी आहे?”

“उद्या सकाळी वरात निघेपर्यंत चालेल ना?”

“चालेल. पण मग…”

“मग जळू द्या.”

उमाजीला राग आला. तो संस्थानच्या वीजघरात तयार झालेला माणूस. साक्षात ब्रह्मदेवाने हातात दिलेला कंडेन्सरही त्याने आकडा वाचल्याशिवाय बसवला नसता. संस्थान गेलं, मागोमाग मध्यभारत गेला, कचेऱ्या बाडबिस्तरा उचलून भोपाळला गेल्या. उमाजीचा आकडा तेवढा जागचा हलला नव्हता. एका दिवसाच्या गारव्यासाठी मशीनची होळी करायची, ही सरदारी ऐट त्याच्या पचनी पडेना.

घाई मात्र खरी होती. लीलाबाईंच्या थोरल्या दोघी मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या, आणि आज गोरज मुहूर्तावर धाकट्या वनमालेचं लग्न होतं. नवरा मुलगा सचिवालयातला, नोकरीबरोबर भोपाळला गेलेला. त्याच्या आजीने अपशकुनाचं निमित्त काढून दोनदा सोयरीक मोडत आणली होती. आता नुसतं मांजर आडवं गेलं असतं तरी तिला पुरलं असतं. वनमालेचे वडील मानसिंगराव महिनाभर अंथरुणाला खिळलेले, म्हणून कन्यादान त्यांचे धाकटे भाऊ शिवाजीराव करणार होते. पण आजाऱ्यासाठी डॉक्टर आणायचा सोडून मिस्त्री आणलेला पाहून उमाजीला नवल वाटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि ती खोलीच त्याला बरी वाटत नव्हती. बाहेर ज्येष्ठाची लू अंग भाजून काढत होती. इथे वाळ्याचे ओले पडदे, पलंगाखाली घंगाळात बर्फाच्या लाद्या, आणि अत्तराचा इतका दर्प की डोकं जड व्हावं. एवढं असून मानसिंगरावांच्या अंगावर गळ्यापर्यंत शाल. आल्याबरोबर उमाजीने त्यांना मुजरा केला होता. उत्तर आलं नव्हतं. काम करताना पाठीमागून कोणीतरी आपल्याकडे पाहतंय असं त्याला सारखं वाटत होतं. वळून पाहावं तर शालीची चुणीसुद्धा बदललेली नसे.

वीज तोडली तरी कंडेन्सर पोटात वीज धरून बसतो. हात लावण्याआधी ती काढावी लागते. उमाजीने बटण बंद केलं आणि जुन्याच्या दोन्ही टोकांवर स्क्रू पिळायचा पेचकस आडवा टेकवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. रोजचाच आवाज, पण त्या बंद खोलीत उमाजी स्वतःच दचकला. लीलाबाईंच्या हातातला पंखा खाली पडला. पलंगावर काहीच झालं नाही.

उमाजी उठला आणि पलंगाशी जाऊन उभा राहिला. शाल वर होत नव्हती, खाली होत नव्हती.

“कधी?” त्याने विचारलं.

“सकाळी चहा घेऊन आले तर…” लीलाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “सुतक लागलं की लग्न मोडलं. महिनाभर त्यांनी एकच लावून धरलं होतं, माझ्यासाठी मुहूर्त टाळू नका. शिवाजीरावांनाही सांगितलं नाही मी. ती उद्या गाडीत बसली की रडेन, उमाजी. तोवर ही खोली थंड ठेवा.”

उमाजीला भडभडून आलं. त्याने पन्नासचा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तो चुकीचा आकडा बसवत होता, आणि हेच बरोबर आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बटण दाबताच मोटर गुरगुरत उठली. पहिल्या झोतासरशी शालीचा काठ हलला, आणि दोघांचीही नजर तिकडे गेली.

तेवढ्यात दार उघडलं. मुंडावळ्या बांधलेली वनमाला आत आली. गौरीहर पुजायला बसण्याआधी वडिलांच्या पाया पडायला आली होती.

“निजलेत गं ते,” लीलाबाई आडव्या आल्या. “लांबूनच नमस्कार कर.”

वनमालेने ऐकलं नाही. ती वळसा घालून पायथ्याशी गेली, शाल बाजूला केली आणि दोन्ही पावलांवर कपाळ टेकलं. किती तरी वेळ ती उठलीच नाही.

“पाय गार पडलेत,” शेवटी ती म्हणाली.

“मशीनमुळे, बाळ.”

“हो. छान चालतेय मशीन.” तिने पावलं नीट झाकली आणि आईकडे पाहून हसली.

खाली भटजी हाका मारू लागले. लीलाबाई डोळ्यांना पदर लावून घाईघाईने जिन्याकडे गेल्या. मागोमाग निघालेली वनमाला उमाजीपाशी थांबली. तिचा चेहरा मशीनकडे होता आणि आवाज मोटरच्या गुरगुरीत जेमतेम ऐकू येत होता.

“उमाजीकाका, पहाटे आबासाहेबांचे डोळे मीच मिटले. आईसाहेबांना कधी माहीत पडू देऊ नका.”