घरच्यांच्या रक्षणासाठी

"धोका अजून आहे म्हणता?" फौजदारांनी विचारलं.

"आहे म्हणजे काय साहेब! रोज पेपरात येतंय." नवरा सोफ्याच्या कडेवर सरकून बसला. औषधांचा घाऊक व्यापार होता त्याचा. बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. "घरात बायको, कॉलेजातली मुलगी. उद्या कोणी घुसलं तर मी काय झाडू घेऊन धावू?"

स्वतःच्याच विनोदावर तो खदाखदा हसला. फौजदार हसले नाहीत.

पिस्तुलाच्या लायसन्सची मुदत संपत आली होती, म्हणून ते घर बघायला आणि घरच्यांशी बोलायला आले होते. बायकोनं चहाचे कप ठेवले आणि खुर्ची ओढून बसली. काय बोलायचं ते नवऱ्यानं आधीच बजावलं होतं. "भीती वाटते म्हण, बास. जास्त शहाणपणा नको."

शेजारच्या बंद घराचं कुलूप फुटलं, त्यानंतर हे पिस्तूल आलं. चोर काही पुन्हा फिरकला नाही. पिस्तूल मात्र हळूहळू कपाटाबाहेर आलं. "माझ्या आईला बरं नसतं, तिला इकडे आणू या का?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं ते पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि फडक्यानं पुसायला घेतलं. पुसून झाल्यावर म्हणाला, "हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली. आई धाकट्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिथेच वारली.

मग तशी रीतच पडली. पटत नसलेला विषय निघाला की फडकं बाहेर. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. भर चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्न कोकलायला लागले, तरी शेजारी बसून शिकणाऱ्याला शांतपणे सांगायची, "घाबरू नका, मी आहे ना." तीच बाई घरी फडकं दिसलं की जीभ गिळून बसायची. स्वतःची चीड यायची तिला. मग मनाची समजूत घालायची. पीत नाही, मारत नाही, घराला काही कमी पडू देत नाही. आणखी काय हवं?

आज सकाळी लेकीनं नाश्ता करताना सांगितलं की तिला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पण कॉलेज दुसऱ्या गावी आहे. बापानं ड्रॉवर उघडला. आज तर सबबही आयती होती, फौजदार येणार होते. तो पुसत राहिला. लेक त्या हातांकडे बघत राहिली.

"जाऊ दे बाबा. काही नाही," ती म्हणाली.

आवाज लेकीचा नव्हताच. थेट आईचा होता, तसाच खाली गेलेला, तसाच विझलेला. ओट्याशी उभ्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण गिळलं ते गिळलं. आता पोरीनंही गिळायचं?

"ताई, तुम्ही सांगा," फौजदार तिच्याकडे वळले. "घराला धोका आहे असं वाटतं?"

"आहे."

नवऱ्यानं समाधानानं मान डोलावली आणि कप उचलला.

"कोणापासून?" फौजदारांनी सवयीनं विचारलं.

"यांच्यापासून."

आतल्या दारात लेक येऊन उभी राहिली. फौजदारांनी हातातला चहा खाली ठेवला. "पिस्तूल कुठे आहे? आधी ते माझ्या ताब्यात द्या," ते नवऱ्याला म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "डोकं फिरलंय का तुझं? साहेब, विचारा हिला! इतक्या वर्षांत मी ते हिच्यावर कधी रोखलंय? हिला बोट तरी लावलंय कधी?"

"खरं आहे का ताई हे?"

"अगदी खरं आहे," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या नजरेला नजर देऊन बोलत होती. "बोट लावायची गरजच कुठे पडली यांना?"