मुठीवरच्या खाचा

आंब्याची कलमं बांधणाऱ्या आबांना पंच्याहत्तरावं लागलं, तेव्हा त्यांच्या मुलीने, वैजयंतीने, त्यांना न सांगता त्यांचा घडीचा चाकू सुताराकडे नेला. लाकडी मुठीवर वेड्यावाकड्या खाचा पडल्या होत्या. सुताराने मूठ घासूनपुसून, पॉलिश करून अगदी गुळगुळीत केली.

आबांनी मुठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवून म्हणाले, "छान झालाय गं."

दुसऱ्याच दिवशी कलमाची काडी तासताना चाकू हातातून सटकला आणि आबांच्या डाव्या अंगठ्याची नस तुटली.

दवाखान्यात आई हळूच म्हणाली, "त्या खाचा ह्यांनीच पाडल्या होत्या. बोटांत जोर उरला नाही, मूठ घसरायची."

वैजयंतीला रडू फुटलं. "आबा, मला बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने आणलास."

टाके निघाल्यावर तिने मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दिली. आबांनी चाकू धरून पाहिला. पकड पक्की बसली होती. पण डाव्या हातात काडी धरायला गेले, तर अंगठा वाकेचना.

त्यांनी चाकू मिटून तिच्या हातात ठेवला. "आता घसरणार नाही. यंदा कलमं तू बांध."

तिला ती मूठ धरवेना.