मास्तरीणबाई चालणार नाहीत

"मास्तरीणबाई चालणार नाहीत म्हणे!" पोकुआने लार्टेसाहेबांचं पत्र टेबलावर आपटलं. "दुसऱ्या कुणाला तरी घाला म्हणतात. खून इतका बेमालूम झालाय की तो शाळेतल्या बाईच्या बापालाही सापडायचा नाही."

समोर पामच्या रश्शात फुफूचे उंडे बुडवत बसलेले दोघेही हसले. एक तिचा नवरा ओबेंग, दुसरी धाकटी बहीण कोनाडू.

पोकुआला मात्र हसू येईना. या पहिल्या कादंबरीपायी तिने बँकेतली चांगली नोकरी सोडली होती. महिनाअखेरपर्यंत खुनी पकडला गेला नाही, तर अक्राचे लार्टेसाहेब पुस्तक छापणार नव्हते. मग कुमासीभर शोभा झाली असती.

कथा तशी सरळ होती. बायको नवऱ्याला तळ्यावर फिरायला नेते, होडी कलंडते, पोहता न येणारा नवरा बुडतो. विष नाही, जखम नाही, साक्षीदार नाही. निवृत्त मास्तरीण तवियाबाईंनी सव्वीस प्रकरणं चौकशी करून हात टेकले होते.

"पोलीस कर तिला," ओबेंग म्हणाला.

"पोलीस काय दिवे लावणार? अपघात म्हणून लिहील नि घरी जाईल."

"मग डॉक्टरीण?" कोनाडूने विचारलं.

"बुडालेल्या माणसाच्या पोटात पाणी सापडणार. त्यात काय कळणार?"

"होडीवाला?"

"होडी भाड्याने दिली की तो काठावर झोपलेला असतो."

"म्हणजे कुण्णालाच पकडता येणार नाही?" ओबेंगचा घास हातातच राहिला.

"कुणालाच नाही. तीच तर पंचाईत आहे रे!"

"ताई, काय डोकं आहे गं तुझं!" कोनाडू कौतुकाने म्हणाली.

गेला आठवडाभर हेच चाललं होतं. नर्स झाली, वकील झाला, पाद्रीसुद्धा झाला. दोघं रोज नवा धंदा काढत, पोकुआ तो खोडून काढी. तिला फार भरून यायचं. बायको लिहायला बसली की दुसऱ्या घरांत भांडी आदळतात, इथे सगळं घर तिच्याबरोबर विचार करत होतं. आई गेल्यावर रक्ताच्या अशा त्या दोघी बहिणीच उरल्या होत्या. पोकुआला मूलबाळ नव्हतं. आईने घर तिच्या नावावर केलं, तेव्हाही कोनाडूने तोंड वाकडं केलं नव्हतं.

"तू मुळात होडीत बसली आहेस का कधी?" ओबेंग म्हणाला. "या रविवारी बोसुम्त्वीला जाऊ. तळं डोळ्यांनी बघितलंस की आपोआप सुचेल."

"नको बाई. मला पाण्याची भीती वाटते."

"मी आहे ना!"

"जा गं ताई," कोनाडू म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी घर सांभाळते."

शुक्रवारी टपाल टाकायला निघालेल्या पोकुआच्या झग्याची चेन बाजारात दगा देऊन गेली. लाज राखायला ती समोरच्या फ्रेम्पोमा मावशीच्या शिवणाच्या दुकानात शिरली. इथे तिचं येणं कधी होत नसे. तयार झगा घ्यायचा नि अंगात अडकवायचा, एवढाच तिचा शौक. हौस सगळी कोनाडूला. तिचा डावा खांदा जरा वर होता, त्यामुळे मावशीखेरीज कुणाच्या हातचं तिला बसत नसे.

मावशी चेन उसवत होती तेवढ्यात पोकुआने कादंबरीचं घोडं कुठे अडलंय ते सांगून टाकलं. "मावशी, तुझ्या धंद्यात कुणाचं काय काय कळतं गं?"

"काय कळत नाही ते विचार! पोट वाढलं की नवऱ्याआधी मला कळतं. नि मयत झालं की पाद्र्याच्या आधी माझ्या दारात रांग लागते. कापडाच्या रंगावरून नातं सांगते मी. म्हातारं माणूस सुखाने गेलं तर काळं-पांढरं. ओळखीपाळखीचं असेल तर काळं. तांबडं आलं की समजायचं, घरातलं गेलं. अगदी सख्खं."

पोकुआ सरसावून बसली. "आणि मावशी, समज, माणूस मरायच्या आधीच एखादीने तांबडं शिवायला टाकलं तर?"

"टाकेलच की! ऐन वेळी मी थोडीच घेते? गाव लोटतं गं बघायला. एखादी खून पचवेल, पण नवऱ्याच्या मयतात बेढब कपड्यात उभी राहायची नाही!"

"सापडली!" पोकुआने टाळीच वाजवली. मास्तरीणबाई गेल्या, शिंपीणबाई आल्या. सगळी कादंबरी तिच्या डोळ्यांसमोर धडाधड जुळायला लागली. आधी घरी जाऊन त्या दोघांना सांगायचं, असं तिने ठरवूनही टाकलं.

"हसलीस, बरं वाटलं बाई," मावशी म्हणाली. "मघापासून विचारू की नको करत होते. कोण गेलं गं तुमच्यात?"

"आमच्यात? कुणी नाही."

"मग हे कसं काय?" मावशीने मागच्या फळीवरून एक घडी काढली. "सोमवारी कोनाडू देऊन गेली."

पोकुआने झगा उलगडला. तांबडाभडक. डावा खांदा जरा वर कापलेला. त्याच्याखाली त्याच फुलांचं, पुरुषाने पांघरायचं लांबलचक कापड होतं.

"हे कुणाचं?"

"तुझ्या ओबेंगचं. त्याला नुसती कड घालायची. एकाच ताग्यातलं फाडून आणलंय तिने. मला वाटलं, तुझा तुकडा तू मागाहून आणशील."

पोकुआने दोन्ही कापडं शेजारी शेजारी धरून पाहिली. रडूही फुटेना. घरात माणसं तीन. ती दोघं आठवडाभर एकेक धंदा काढत होती, आणि कुणालाही कसं सापडणार नाही हे ती मूर्खासारखी हौसेने सांगत होती.

"मावशी," तिने कसंबसं विचारलं, "कधी पाहिजे म्हणाली?"

मावशीने सुईत दोरा ओवला. "रविवारपर्यंत घाई नाही म्हणाली. सोमवारी सकाळी मात्र तयार हवं."