नळी बदलताना

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधला इंजिनिअर हृषिकेश सुट्टीत सीमेपलीकडच्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर जाऊन जुन्या जर्मन मशीनगन चालवायचा. रविवारी त्याने स्काइपवर साताऱ्याच्या आजोबांना, आबांना, व्हिडिओ दाखवला.

"आबा, महायुद्धात तुम्ही इटलीत लढलात ना, तेव्हा समोर असायची तीच गन. सारखी चालवली की नळी तापते, बदलावी लागते. क्लबात सगळ्यांना सहा सेकंद लागतात. मी चारच सेकंदांत बदलतो."

आबांनी आधी व्हिडिओतल्या गोळीबाराचा आवाज बंद करायला लावला.

"गन थांबली की आम्ही ओढा ओलांडायचो," ते थकल्या आवाजात म्हणाले. "पळताना आकडे मोजायचो. सहाव्याला पलीकडच्या बांधाआड पोचायचो."

हृषिकेशने व्हिडिओ थांबवला.

"बरं झालं लेका, तेव्हा त्या गनवर तू नव्हतास."